हाड जुळता जुळत नाही तेव्हा: खेळाडूंना मिळणारे 'बायोलॉजिक' उपचार नक्की काय करतात?

तीन ऑपरेशन्स, साडेपाच महिने आणि पायातलं एकच हाड.

केव्हिन ड्युरंट २०१३-१४ च्या मोसमात एनबीएचा मोस्ट व्हॅल्युएबल प्लेअर ठरला होता. पुढचा मोसम सुरू व्हायच्या आधीच, ऑक्टोबर २०१४ मध्ये त्याच्या उजव्या पायाला फ्रॅक्चर असल्याचं निदान झालं. करंगळीपासून मागे टाचेच्या दिशेने जाणारं जे लांबट हाड असतं, ते मोडलं होतं. १६ ऑक्टोबरला त्यात स्क्रू बसवला आणि २ डिसेंबरला, म्हणजे ४७ दिवसांनी, ड्युरंट ओक्लाहोमा सिटी थंडरकडून पुन्हा खेळायला उतरला.

फेब्रुवारीत पाय दुखायला लागला. स्क्रूचं डोकं शेजारच्या हाडावर घासत होतं, म्हणून दुसरं ऑपरेशन झालं. मार्चमध्ये लक्षात आलं की खरं दुखणं वेगळंच आहे, मूळ फ्रॅक्चरच नीट जुळलेलं नाही. ३१ मार्च २०१५ रोजी तिसरं ऑपरेशन झालं, या वेळी बोन ग्राफ्टचं. ८२ मॅचच्या मोसमात ड्युरंट २७ मॅच खेळला आणि थंडरची प्लेऑफ थोडक्यात हुकली.

आता यात कशाची कमतरता होती? पैशाची नाही, डॉक्टरांची नाही, एमआरआय मशिनची तर नाहीच. जगातल्या सगळ्यात महागड्या खेळाडूंपैकी एकाचं बोटभर लांबीचं हाड तरीही जुळलं नाही.

गेल्या काही वर्षांत अशा हट्टी फ्रॅक्चरसाठी 'बायोलॉजिक थेरपी' हा शब्द सारखा कानावर पडतो. पीआरपी, स्टेम सेल, बोन मॅरो इंजेक्शन, ग्रोथ फॅक्टर. इन्स्टाग्रामवर एखाद्या रीलमध्ये डॉक्टर हातात सिरिंज घेऊन सांगत असतो की आता प्लास्टरमध्ये महिनोन्महिने पडून राहायची गरज नाही. जसप्रीत बुमराह कंबरेच्या दुखापतीमुळे सप्टेंबर २०२२ ते ऑगस्ट २०२३ असा जवळपास वर्षभर बाहेर होता, तेव्हा "एवढा वेळ का लागतोय, एक इंजेक्शन का देत नाहीत?" अशा कमेंट्सही वाचायला मिळाल्या. प्रश्न भाबडा वाटला तरी चुकीचा नाही. त्याचं उत्तर मात्र एका रीलमध्ये मावत नाही.

आधी हे बघू, हाड जुळतं कसं?

हाड हा शरीरातला असा दुर्मीळ भाग आहे, जो व्रण न ठेवता भरून येतो. त्वचा कापली तर खूण राहते. हाड नीट जुळलं तर काही महिन्यांनी एक्स-रेमध्ये मोडल्याची जागा शोधावी लागते.

मोडल्याबरोबर तिथे रक्त साकळतं. ही गाठ म्हणजे नुसती घाण नव्हे, दुरुस्तीची सुरुवात तिथूनच होते. तिच्यातून रासायनिक निरोप जातात, आसपासच्या पेशी गोळा होतात आणि दोन टोकांमध्ये कूर्चेसारखा मऊ पूल तयार होतो. त्याला कॅलस म्हणतात. मग त्यात कॅल्शियम बसतं, पूल कडक होतो आणि पुढे कित्येक महिने शरीर त्याला तासून मूळ आकारात आणत राहतं.

बहुतेकांच्या बाबतीत हे सगळं निमूटपणे होतं. अमेरिकेतल्या तीन लाखांहून जास्त फ्रॅक्चर्सचा अभ्यास २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात न जुळलेल्या फ्रॅक्चर्सचं प्रमाण ४.९ टक्के होतं. म्हणजे वीसात एक. पण हे सरासरीचं गणित आहे आणि काही हाडं या सरासरीत बसत नाहीत.

ड्युरंटचं हाड त्यातलंच. या फ्रॅक्चरचं नावच 'जोन्स फ्रॅक्चर'. लिव्हरपूलचे सर्जन रॉबर्ट जोन्स यांचा स्वतःचा पाय नाचताना असाच मोडला आणि १९०२ मध्ये त्यांनी त्यावर लेख लिहिला. या हाडाला दोन बाजूंनी रक्त मिळतं आणि दोन्ही पुरवठे जिथे क्षीण होतात नेमकी ती जागा मोडते. कालव्याच्या शेवटच्या टोकाला असलेल्या शेतासारखी तिची गत, पाणी पोहोचतं पण सगळ्यांचं झाल्यावर. पायाच्या कमानीतलं नॅव्हिक्युलर, मनगटातलं स्कॅफॉइड, नडगीच्या हाडाची पुढची कड, यांचीही तीच रड. नॅव्हिक्युलरमुळे जोएल एम्बीडचे एनबीएतले पहिले दोन मोसम पूर्ण वाया गेले. २०१४ मध्ये एक ऑपरेशन, २०१५ मध्ये दुसरं, आणि पहिली मॅच थेट ऑक्टोबर २०१६ मध्ये.

खेळाडूंच्या बाबतीत आणखी एक भर पडते. यातली बरीच फ्रॅक्चर्स एका फटक्यात होत नाहीत. रोजच्या धावण्या-उड्या मारण्यातून बारीक तडे जात राहतात, शरीर ते बुजवत राहतं आणि एक दिवस तडे जास्त होतात, बुजवणं कमी पडतं. यालाच स्ट्रेस फ्रॅक्चर म्हणतात. म्हणजे हाड मोडलं त्या दिवशीच दुरुस्ती यंत्रणा थकलेली असते.

चार खांब

२००७ मध्ये अस्थिरोग तज्ज्ञांच्या एका गटाने यासाठी एक सोपी चौकट मांडली. तिला 'डायमंड कन्सेप्ट' म्हणतात. हाड जुळायला चार गोष्टी लागतात: हाड बनवणाऱ्या पेशी, त्यांना चढायला काहीतरी परांची, त्यांना कामाला लावणारे रासायनिक निरोप आणि मोडलेल्या जागेची स्थिरता. यातलं काही कमी पडलं की काम रखडतं.

बायोलॉजिक थेरपी म्हणजे पहिल्या तीन गोष्टी बाहेरून आणून देणं. चौथी गोष्ट, म्हणजे स्थिरता, कुठल्याच इंजेक्शनमध्ये मिळत नाही. ती स्क्रू, प्लेट, प्लास्टर आणि विश्रांतीतूनच येते. हे वाक्य लक्षात ठेवा, कारण पुढची निम्मी गडबड इथूनच होते.

जुनं ते सोनं: कलम आणि मज्जा

यातला सगळ्यात जुना उपचार म्हणजे बोन ग्राफ्ट, अर्थात हाडाचं कलम. रुग्णाच्याच कमरेच्या हाडातून थोडा जाळीदार भाग काढायचा आणि न जुळलेल्या जागी भरायचा. यात पेशी, परांची आणि निरोप तिन्ही एकदम मिळतात आणि हाड स्वतःचंच असल्यामुळे शरीर ते नाकारत नाही. तोटा एवढाच की कमरेला दुसरी जखम होते आणि ती बरेच दिवस दुखते. ड्युरंटच्या तिसऱ्या ऑपरेशनमध्ये झालं ते हेच, ग्राफ्ट. कुठलंही भविष्यातलं तंत्रज्ञान नाही.

कमरेला चीर न देता जाड सुईने अस्थिमज्जा काढायची, यंत्रात फिरवून घट्ट करायची आणि फ्रॅक्चरच्या जागी सोडायची, हा याचाच पुढचा टप्पा. जाहिरातींमध्ये 'स्टेम सेल इंजेक्शन' म्हणून जे दिसतं ते बऱ्याचदा हेच असतं. यावरचा गाजलेला अभ्यास फ्रेंच सर्जन फिलिप हर्निगू यांचा, २००५ चा. नडगीचं हाड न जुळलेल्या ६० रुग्णांना त्यांनी अशी मज्जा दिली आणि ५३ जणांचं हाड जुळलं.

पण मला त्यातले उरलेले सात जण जास्त महत्त्वाचे वाटतात. हर्निगूंनी प्रत्येकाच्या मज्जेत हाड बनवू शकणाऱ्या पेशी किती आहेत हे मोजलं होतं. ज्यांचं हाड जुळलं नाही त्या सात जणांना मिळालेल्या मज्जेत या पेशी कमी होत्या. म्हणजे 'मज्जा दिली' एवढं सांगून काहीच कळत नाही. एकाच जागी सुई ठेवून भराभर ओढलं तर मज्जेपेक्षा रक्तच जास्त येतं. बाहेरून सिरिंज दोन्ही वेळेला सारखीच लाल दिसते. आपल्याला मिळालेल्या सिरिंजमध्ये पेशी किती होत्या, हे रुग्णाला बहुधा कुणी सांगत नाही.

प्रोटीन, ज्याने स्नायूतही हाड उगवलं

१९६५ मध्ये अमेरिकन सर्जन मार्शल उरिस्ट यांनी एक विलक्षण गोष्ट दाखवली. हाडातला चुना काढून उरलेला सांगाडा त्यांनी प्राण्यांच्या स्नायूत ठेवला, तर स्नायूत हाड तयार झालं. त्या सांगाड्यातलं काहीतरी साध्या पेशींना 'हाड व्हा' असं सांगत होतं. त्याला पुढे बीएमपी नाव पडलं. बोन मॉर्फोजेनेटिक प्रोटीन.

प्रयोगशाळेत बनवलेल्या बीएमपी-२ ला अमेरिकेच्या एफडीएने २००२ मध्ये मणक्याच्या एका शस्त्रक्रियेसाठी आणि २००४ मध्ये नडगीच्या उघड्या फ्रॅक्चरसाठी परवानगी दिली. त्याआधी ४५० रुग्णांवर चाचणी झाली होती. जास्त डोस मिळालेल्यांमध्ये पुन्हा ऑपरेशनची वेळ येण्याचा धोका ४४ टक्क्यांनी घटला. आकडा दणदणीत आहे.

मग २०११ मध्ये २७७ रुग्णांची दुसरी चाचणी प्रसिद्ध झाली. यात सगळ्यांच्या हाडात आतून पोकळी कोरून नीट घट्ट बसणारी सळई टाकली होती. अशा रुग्णांमध्ये बीएमपी दिल्याने हाड लवकर जुळल्याचं दिसलं नाही. माझ्या मते या सगळ्या विषयातली सगळ्यात बोलकी गोष्ट हीच आहे. पाया पक्का असेल तर महागड्या प्रोटीनला करायला फारसं काही उरत नाही.

शिवाय या औषधाला एक काळा इतिहासही आहे. त्यात शरीरात नैसर्गिकरीत्या असतं त्याच्या कितीतरी पट प्रोटीन एकदम सोडलं जातं. मानेच्या मणक्यात वापरल्यावर घसा सुजून श्वास अडकल्याच्या तक्रारी आल्या आणि २००८ मध्ये एफडीएला इशारा द्यावा लागला. नको तिथे हाड उगवल्याच्या नोंदीही आहेत. २०१२ मध्ये अमेरिकी सिनेटच्या एका समितीने अहवाल दिला की हे उत्पादन विकणाऱ्या मेडट्रॉनिक कंपनीने त्यावरचे शोधनिबंध लिहिणाऱ्या डॉक्टरांना वेगवेगळ्या कारणांसाठी सुमारे २१ कोटी डॉलर दिले होते. कंपनीने गैरप्रकाराचा आरोप फेटाळला. पण एखाद्या उपचाराचं कौतुक वाचताना ते कोण करतंय हेही वाचायचं असतं, ही सवय डॉक्टरांना या प्रकरणाने लावली.

पीआरपी आणि एक ऑस्टिओपोरोसिसचं औषध

पीआरपीबद्दल थोडक्यातच सांगण्यासारखं आहे. तुमचंच रक्त काढून, फिरवून, त्यातल्या प्लेटलेट्सचा दाट भाग सुईने परत दिला जातो. प्लेटलेट्समध्ये ग्रोथ फॅक्टर असतात, त्यामुळे कल्पना पटण्यासारखी आहे. पण त्यात ना हाड बनवणाऱ्या पेशी आहेत, ना परांची. चारपैकी एकच खांब. हाडाच्या फ्रॅक्चरसाठीचा पुरावा अजून कच्चा आहे आणि तरीही विकला जातो तो हाच सगळ्यात जास्त, कारण ऑपरेशन थिएटर लागत नाही.

टेरीपॅराटाइडची गोष्ट जास्त रंजक आहे. हे ठिसूळ हाडांसाठीचं, रोज टोचून घ्यायचं औषध. काही क्रीडावैद्यक तज्ज्ञ ते न जुळणाऱ्या स्ट्रेस फ्रॅक्चरसाठीही वापरतात, मूळ परवानगीच्या बाहेर जाऊन. २०१० मध्ये मनगट मोडलेल्या १०२ महिलांवर त्याची चाचणी झाली. औषधाशिवाय हाड जुळायला साधारण ९.१ आठवडे लागले, २० मायक्रोग्रॅमच्या डोसवर ७.४ आठवडे. चांगलं आहे ना? पण दुप्पट डोसवर ८.८ आठवडे लागले, म्हणजे जवळपास औषध न दिल्यासारखंच. जास्त म्हणजे जास्त चांगलं, हा हिशोब इथे चालत नाही. त्या सगळ्या महिला रजोनिवृत्तीनंतरच्या होत्या, विशीतले वेगवान गोलंदाज नव्हेत. आणि ज्यांची उंची अजून वाढतेय अशा मुलांना हे औषध देऊ नये, असा इशारा त्याच्या माहितीपत्रकातच आहे.

मग खेळाडू बरे कसे होतात?

खेळाडूंवरचे अभ्यास वाचले की सुरुवातीला थक्क व्हायला होतं. जोन्स फ्रॅक्चर न जुळलेल्या किंवा पुन्हा मोडलेल्या २१ अव्वल खेळाडूंचा अभ्यास २०११ मध्ये आला. सगळेच्या सगळे सरासरी १२.३ आठवड्यांत खेळात परतले. शंभर टक्के!

आता तपशील बघा. २१ पैकी १२ जणांना कमरेचं हाड भरलं होतं, ८ जणांना मज्जा आणि प्रक्रिया केलेल्या हाडाचं मिश्रण, एकाला काहीच नाही. सगळ्यांना जाडसर नवा स्क्रू मात्र बसवला होता. मग यश कुणाचं? मज्जेचं, कलमाचं, स्क्रूचं की सक्तीच्या विश्रांतीचं? ज्यांना फक्त स्क्रू दिला आणि बायोलॉजिक दिलं नाही असा तुलनेचा गटच नसल्यामुळे हे सांगता येत नाही. कोट्यवधींचा करार असलेल्या खेळाडूला "चिठ्ठी टाकू, तुला औषध मिळेल किंवा मिळणार नाही" असं कोण सांगणार? त्याला सगळंच हवं असतं, टीमलाही आणि एजंटलाही. म्हणून जिथे हे उपचार सगळ्यात जास्त वापरले जातात, तिथेच त्यांची कसोटी सगळ्यात कमी लागते.

२०१६ चा आणखी एक अभ्यास आहे, एनबीएच्या १० खेळाडूंचा. सगळ्यांना स्क्रूसोबत घट्ट केलेली अस्थिमज्जा दिली होती. परतायला सरासरी १० आठवड्यांच्या आत-बाहेर लागले. त्यातल्या तिघांचं हाड पुन्हा मोडलं.

ड्युरंटच्या बाबतीतही मला दोन तारखांमधलं अंतर महत्त्वाचं वाटतं. पहिल्या ऑपरेशननंतर तो ४७ दिवसांत कोर्टवर होता. ग्राफ्टनंतर सीझनची पहिली मॅच खेळला तेव्हा जवळपास सात महिने झाले होते, कारण मधे उन्हाळ्याची सुट्टी आली आणि घाई करायला मॅचच नव्हत्या. पुढच्या मोसमात तो ७२ मॅच खेळला, सरासरी २८.२ पॉइंट्सने. त्यात ग्राफ्टचा वाटा किती आणि त्या सात महिन्यांचा किती, हे वेगळं काढता येणार नाही. रीलमध्ये मात्र ग्राफ्टच दिसतो.

डोपिंगचा घोळ

यात एक सापळा आहे, जो तालुका-जिल्हा पातळीवरच्या खेळाडूंनाही लागू होतो. पीआरपीचं स्नायूत इंजेक्शन २०१० मध्ये वाडाच्या, म्हणजे जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेच्या, बंदी यादीत होतं. २०११ मध्ये ते काढलं. पण आयजीएफ-१ सारखे वेगळे काढून दिलेले ग्रोथ फॅक्टर आजही बंद आहेत. म्हणजे स्वतःच्या रक्तातून आलेलं चालतं, बाटलीतून आलेलं नाही.

आणि बीपीसी-१५७. जिममधल्या ग्रुप्समध्ये हे नाव तुम्ही नक्की ऐकलं असेल. 'दुखापत आठवड्यात बरी करणारं पेप्टाइड' म्हणून ते ऑनलाइन विकलं जातं. त्यावरचं बहुतांश संशोधन उंदरांवरचं आहे, माणसांवर वापरायला मान्यता नाही आणि २०२२ पासून वाडाने त्यावर बंदी घातली आहे. हाड जुळेल की नाही माहीत नाही, पण टेस्टमध्ये सापडलात तर करिअर नक्की मोडेल. आणि कुणी टोचलं, कुणी सुचवलं हे ऐकून घेतलं जात नाही. शरीरात जे सापडतं त्याची जबाबदारी खेळाडूचीच असते.

तुमच्या नडगीचं काय?

स्ट्रेस फ्रॅक्चरची पहिली नोंद खेळाडूंमध्ये झाली नव्हती. १८५५ मध्ये प्रशियाच्या एका लष्करी डॉक्टरने लांब कूच करून पाय सुजलेल्या सैनिकांबद्दल ते लिहिलं. आपल्याकडे त्या सैनिकांची जागा पोलीस भरती आणि अग्निवीरच्या तयारीतल्या मुला-मुलींनी घेतली आहे. भरतीची तारीख जाहीर झाली की पहाटे डांबरी रस्त्यावर १६०० मीटरचा सराव एकदम दुप्पट होतो, बूट जुनेच असतात, जेवण हॉस्टेलचं. तीन आठवड्यांत नडगी दुखायला लागते. सुरुवातीला साध्या एक-रेमध्ये बऱ्याचदा काहीच दिसत नाही, म्हणून "काही नाही, पळ" असं सांगितलं जातं.

यांच्यासाठी पीआरपीच्या आधी विचारायचे प्रश्न वेगळे आहेत. व्हिटॅमिन डी तपासलं का? तंबाखू, सिगारेट आहे का? निकोटिनने रक्तवाहिन्या आकसतात आणि हाड जुळायला उशीर होतो, हे बीएमपीबद्दल जेवढं माहीत आहे त्यापेक्षा पक्कं माहीत आहे. मुलींच्या बाबतीत पाळी नियमित येते का? सरावात जेवढी ऊर्जा खर्च होते तेवढं खाणं पोटात जात नसेल तर शरीर हाडांच्या दुरुस्तीवरचा खर्च कापतं. आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीने २०१४ मध्ये या अवस्थेला 'रेड-एस' असं नाव दिलं आणि ती मुलांमध्येही होते हे स्पष्ट केलं. अशा उपाशी हाडात मज्जा टोचणं म्हणजे गवंडी पाठवायचे पण विटा-सिमेंट पाठवायचं नाही.

हे सगळं तपासून, स्थिरता देऊन, पुरेसा वेळ देऊनही हाड जुळत नसेल, तेव्हा बायोलॉजिकचा विषय काढणारा डॉक्टर योग्य वेळी विषय काढतोय. तेव्हाही विचारा: माझ्या फ्रॅक्चरमध्ये नेमकं काय कमी पडतंय आणि हे इंजेक्शन त्यातलं काय भरून काढणार? उत्तर 'स्टेम सेल' या शब्दाने सुरू होऊन तिथेच संपत असेल, तर आयसीएमआरच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांची आठवण करून द्या. रक्ताचे ठरावीक आजार सोडले तर स्टेम सेलचे उपचार भारतात मान्यता घेतलेल्या चाचणीतच करता येतात आणि अशा चाचणीत भाग घेणाऱ्याकडून उपचाराचे पैसे घेतले जात नाहीत. म्हणून पावती मिळणार असेल, तर ती कशाची आहे हे आधी विचारून घ्या.